माशांच्या डबीतलं नाणं

आमच्या ह्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी एकच सांगते. माणूस सरळ, पण इतका सरळ की कधीकधी उचलून कोपऱ्यात उभा करून ठेवावासा वाटे. नाव अनंत राजाध्यक्ष. नोकरी फोर्टात एका विमा कंपनीत, बिऱ्हाड अंधेरीला देसायांच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीची सबंध भिंत ह्यांच्या नाण्यांनी अडवलेली. लोकांच्या बायका कपाटात शालू ठेवतात. आमच्या कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डब्यांत कापूस आणि कापसात कुठल्या कुठल्या मेलेल्या राजांचं तांबं. "एवढ्या वर्षांत सोन्याचं एखादं जमवलं असतंत तर मी गळ्यात तरी घातलं असतं," असं मी म्हणायची. हे नुसते चष्मा पुसत बसायचे.

आणि खोटं नाणं म्हटलं की ह्यांचं डोकं फिरायचं. उपनगरातल्या नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, रविवारी पार्ल्याला भरायचं. अध्यक्ष रामनाथ धुरंधर, बँकेतले मोठे साहेब. त्यांनी मुलाच्या मुंजीत शिवाजीमहाराजांच्या वेळचा होन म्हणून एक नाणं सगळ्यांना दाखवायला आणलं. ह्यांनी ते हातात घेतलं, दोनदा उलटंपालटं केलं आणि भर पंगतीत सांगून मोकळे झाले, "रामनाथराव, हा होन खोटा आहे. साच्यात ओतलेला आहे, ठशाने पाडलेला नाही." घरी येताना मी म्हटलं, अहो, जरा कानात सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तर म्हणतात, "खोटं ते खोटं. कानात काय आणि पंगतीत काय." तेव्हापासून रामनाथरावांनी ह्यांच्यावर दात धरला होता. पण मंडळात कुणाला काही अडलं की नाणं शेवटी आमच्याच घरी यायचं. राजाध्यक्षांनी खरं म्हटलं की खरं. ह्यांची कमाई म्हणाल तर तेवढीच, आणि त्या कमाईवर माणूस पगारापेक्षा जास्त खूश होता.

सत्तावन्न सालची गोष्ट सांगते. एप्रिलात सरकारने नवे पैसे काढले आणि मुंबईतल्या बायकांची पार वाट लावली. आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे चोवीस नाहीत, पंचवीस. भाजीवाला एक सांगे, वाणी दुसरं सांगे. जुने पैसे, नवे पैसे, लढाईच्या वेळचे भोकाचे पैसे, सगळ्यांची खिचडी. हातात काय पडतंय ते बघायला कुणाला सवड नव्हती.

त्यात आमची कृष्णाबाई. ही खारदांड्याची कोळीण, आमच्या बिल्डिंगीची मासेवाली. दुसरी कुणी फाटकात आली तर हिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की ती बिचारी टोपलीसकट पळायची. सकाळी जिन्याखाली पाटी उतरवून हाक मारायची, की आम्ही बायका ताटं घेऊन खाली. भांडण केल्याशिवाय तिने आम्हाला कधी मासा दिला नाही आणि आम्ही कधी घेतला नाही. तिची लेक कमळ लहान असताना तिच्याबरोबर यायची, डोक्यावर एवढीशी टोपली घेऊन. पोरगी गोड, पण पुढे दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, लग्न केलं, तिकडे गुजरातेत बिलिमोऱ्याला दिली. मग अधूनमधून खबर सांगायची. सासू चांगली आहे, नवऱ्याने बोट घेतली, मग मुलगा झाला. मुलगा झाला म्हटल्यावर मी स्वतः बसून मखमलीची कुंची शिवली आणि कृष्णाबाईच्या पाटीत घालून पाठवून दिली.

आमच्या घरात माशांच्या पैशांची डबी वेगळी. कोळणीच्या हातून आलेले पैसे ओले, खवल्यांचे, वासाचे. ते मी देवघराजवळच्या पैशांत कशी मिसळू? म्हणून मोरीच्या कट्ट्यावर एक डबी, त्यात ते टाकायचे आणि रविवारी चिंच लावून धुवायचे. धुतले की हे त्यावर मांजरासारखे टपलेले. एकेक पैसा उचलून बघायचे. मे महिन्यातल्या एका रविवारी ह्यांनी त्यातून एक भोकाचा पैसा उचलला आणि ह्यांचा हात तिथेच थांबला.

भोकाचा पैसा तो नव्हताच. आकार तोच, पण हा पितळेचा, दुप्पट जाड. भोक आणखी मोठं, कडेला तीन ठिकाणी खाचा पाडलेल्या. एका अंगाला पणतीसारखं काहीतरी आणि दुसऱ्या अंगाला एक आकडा. राजा नाही, राणी नाही, साल नाही, अक्षर नाही. ह्यांनी ते वजन करून बघितलं, वाजवून बघितलं, आणि नेहमीच्या सवयीने दाताखाली धरून बघितलं. मग ते माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघायला लागले की लग्नात सुद्धा तसे बघितले नव्हते.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी ह्यांना पत्ता नाही. हे म्हणत, वसईच्या पोर्तुगिजांच्या वेळचं असावं, पणती म्हणजे चर्चचा दिवा. रामनाथरावांनी मंडळात फाडकन सांगून टाकलं, "ताडीच्या गुत्त्यावरचा बिल्ला आहे हो, उगाच काय देवळात नेऊन बसवताय." झालं, दोघांची जुंपली. मंडळातल्या प्रत्येकाने नाणं हाताळलं, कागद ठेवून वर पेन्सिल घासून प्रत्येकाने त्याचा ठसा घेतला. ज्याला त्याला हे कौतुकाने सांगत, "आमच्या माशांच्या डबीत सापडलं." बिल्डिंगीत तर शेंबड्या पोरालाही माहीत. ठरलं असं, की गणपतीत आमच्या इथल्या मांडवात मंडळाने नाण्यांचं प्रदर्शन मांडायचं आणि राजाध्यक्षांनी सर्वांसमोर या नाण्याचं कूळ सांगायचं. आणि सांगता आलं नाही, तर नाणं रामनाथरावांच्या ताब्यात द्यायचं, ते ठसे चार ठिकाणी पाठवून छडा लावतील.

श्रावण लागला. श्रावणात आमच्या बिल्डिंगीत मासा शिजत नाही, ते गौरीगणपती होईपर्यंत, म्हणून कृष्णाबाईही यायची बंद. मला हिवताप भरला. आमचे डॉक्टर कोठारे घरी आले, नाडी बघितली, आणि जाताजाता टेबलावर ह्यांचं ते लाडकं नाणं दिसलं म्हणून उचललं. डॉक्टर बडबडे. पण त्या वेळी त्यांनी ते खिडकीपाशी उजेडात नेऊन दोन्ही अंगांनी बघितलं.

"अनंतराव, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

ह्यांना वाटलं, डॉक्टरांना नाण्यांची गोडी लागली. हे खुर्ची ओढून सुरू झाले, की बघा, ही पणती, या खाचा. डॉक्टरांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "शिकत असताना मी सहा महिने खाडीपलीकडे महारोग्यांच्या घरात काम केलंय. हा तिथला आतला पैसा. रोगी आत विणकाम करतात, दोऱ्या वळतात, त्याची मजुरी या पैशांत देतात. आतल्या दुकानातच चालतो. बाहेर कुणी त्यांच्या हातचा पैसा घेत नाही, म्हणून हा वेगळा पाडलेला."

मी अंथरुणात उठून बसले. डॉक्टर आपले सांगतच होते, की कडेला खाचा कशाला, भोक एवढं मोठं कशाला. बोटांना स्पर्श कळत नाही त्यांच्या. हातातला पैसा पडला तरी समजत नाही. म्हणून जाड, म्हणून खाचा, म्हणून दोऱ्यात ओवायला भोक.

"दातात धरलं होतंत तुम्ही ते," मी ह्यांना म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, पैशाने काही होत नाही. उकळत्या पाण्यात टाका आणि विसरून जा. आणि आता गोळ्या निघाल्यात या रोगावर, पूर्वीसारखं राहिलं नाही. मला आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं वाटतंय. हे पैसे फाटकाबाहेर येत नाहीत. कुणीतरी आत भेटायला गेलं असणार आणि मुद्दाम घेऊन आलं असणार."

डॉक्टर गेले. ताप कुठल्या कुठे पळाला माझा. माशांच्या डबीत पैसा येतो तो एकाच हातातून. आणि त्या हातातून मी इतकी वर्षं मासे घेत होते, शिजवत होते, पोटात घालत होते. मला भडभडून आलं, मोरीपर्यंत पोचले तेवढंच. अंगावर पाली चढल्यासारखं वाटत होतं. तोंड धुताना मनात आलं, कृष्णाबाईचे हात तर चांगले धडधाकट, मासा कापताना बोट कसं चपळ चालतं. मग आत आहे कोण? आणि मग लख्खकन डोक्यात उजेड पडला. बिलिमोरा. बोट. सासू. मुलगा.

मी ह्यांना म्हटलं, "कमळ." ह्यांनी विचारलं, "तिचं काय?" मी म्हटलं, "अहो, लग्नबिग्न काही झालेलं नाही त्या पोरीचं. ती तिथे आहे." माझा संताप संताप झाला. बाईने मला तोंडावर फसवलं होतं. नसलेल्या नातवाची कुंची माझ्या हातून शिवून घेतली होती, आणि वर "बाय, डोक्याला बरोबर बसली गो" असं सांगून मला खूशही केलं होतं. मी तासभर तोंड चालवलं. मग शब्द संपले आणि मला रडू आलं. आपल्या जिवंत पोरीचा संसार रोज एकेक चीज जोडून उभा करायचा, तोही जिन्याखाली बसून, दुसऱ्यांना मासे कापून देता देता. मला तरी जमलं असतं का?

ह्यांचं मात्र निराळंच. सुरुवातीचा धक्का ओसरला तसे हे येरझारा घालायला लागले. चेहरा फुललेला. "शुभा, अगं, हे कुणाकडे नसेल. सबंध मुंबईत कुणाकडे नसेल. रामनाथला ताडीचा गुत्ता वाटला होता." मी चक्क हात जोडले.

"तुम्ही हे मांडवात सांगणार?"

"तिचं नाव कशाला घेईन मी? मी काय जनावर आहे?"

"नाव घ्यायला उरलंय काय? माशांच्या डबीत सापडलं म्हणून गावभर सांगत सुटला होतात. आपल्या बिल्डिंगीला मासेवाली एक. महारोग्यांचा पैसा म्हणालात की समोरची रत्नप्रभा जागच्या जागी दोन अधिक दोन करील. मग तिच्या पाटीला कोण शिवणार? इथे नाही, पुढच्या बिल्डिंगीत नाही, अंधेरीत नाही. दांड्यात तिला पाणवठ्यावर तरी येऊ देतील का?"

हे खाली बसले. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. बराच वेळ त्यांनी ते नाणं दुरून बघितलं. मग म्हणाले, "मला कळलं नाही असं सांगेन."

"सांगा तसंच."

"तसं सांगितलं तर नाणं रामनाथकडे जाणार. न देऊन चालायचं नाही, ठसे सगळ्यांकडे आहेत. तो हात धुऊन मागे लागेल, त्याला मला खोटं पाडायचंय. आपले डॉक्टर सांगितलं तर गप्प बसतील, पण ते काय एकटेच तिथे काम करून आलेत? दिवाळीच्या आत त्याला कुणीतरी सांगेल." हे म्हणाले ते खरंच होतं. बोललं तरी तिचा गळा कापला जाणार, गप्प बसलं तरी. यातून वाट नाही, असं मी धरून चालले. पुढचे सगळे दिवस हे जेवणावर बसत, पान चिवडत आणि उठून जात. मी म्हटलं, बरं, कृष्णाबाईला गाठून सांगू या का? हे म्हणाले, "काय सांगणार? तुझं गुपित आम्हाला कळलं, हे?"

गणपती आले. प्रदर्शनाच्या दिवशी मांडव गच्च. नाण्यांच्या पेट्यांवर काच लावलेली, पोरं काचेला नाकं लावून उभी. पुढच्या खुर्च्यांवर मंडळाचे लोक, मधोमध रामनाथराव, रेशमी उपरणं वगैरे. मी बायकांच्या बाजूला रत्नप्रभेच्या शेजारी बसले होते. ही आमची समोरची बिऱ्हाडकरीण. मनाची वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. आणि मागे वळून बघते तर बांबूला टेकून कृष्णाबाई. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. दर वर्षी ती गिऱ्हाइकांच्या गणपतीला नारळ घेऊन येते, तशी आली होती. तिची नजर काचेखालच्या त्या पितळेवर खिळलेली होती. तिने ओळखलं होतं. तिच्या हातातला नारळ तिने छातीशी असा धरला होता, की मला तिकडे बघवेना.

रामनाथराव उठले आणि म्हणाले, "आता आपले तज्ज्ञ राजाध्यक्ष त्या सुप्रसिद्ध माशांच्या डबीतल्या नाण्याचं रहस्य उलगडतील." लोक हसले. हे उभे राहिले. त्यांनी मांडवभर नजर फिरवली आणि ती मागच्या बांबूपाशी थांबली, ते मी बघितलं.

हे म्हणाले, "हे नाणं खोटं आहे."

रामनाथरावांनी विचारलं, "खोटं म्हणजे?"

"खोटं म्हणजे मी पाडून घेतलेलं. कुर्ल्याला एक पितळकाम करणारा आहे, त्याच्याकडून करवून घेतलं. डबीत सापडलं वगैरे मीच रचलं. तुमच्या सगळ्यांची गंमत करावी म्हणून."

मला वाटलं, मी तापात आहे अजून. आयुष्यात या माणसाने कंडक्टरला आणेली कमी दिली नव्हती. मोलकरणीला "साहेब घरी नाहीत" असं सांगायला लावलं नव्हतं. तो माणूस गणपतीसमोर उभा राहून सराईतासारखा खोटं बोलत होता, आणि आवाज जराही हलत नव्हता. लोकांनी तोंडात बोटं घातली. रत्नप्रभेने माझ्या मांडीला चिमटा काढून विचारलं, "तुला माहीत होतं गं?"

मला वाटलं होतं रामनाथराव खदखदा हसतील. पण ते हसले नाहीत. अगदी हळू विचारलं, "अनंतराव, मग तुमच्या बाकीच्या डब्यांतलं काय काय कुर्ल्याचं आहे?"

एक नाणं ज्याने पाडलं, त्याच्या बाकीच्यांना खरं कोण म्हणणार? रामनाथरावांनी काच वर केली, ते पितळ दोन बोटांनी उचलून ह्यांच्या हातावर ठेवलं आणि ह्यांच्या सगळ्या पेट्या प्रदर्शनातून बाजूला काढायला सांगितल्या. मंडळातून नाव तिथल्या तिथे गेलं. आपापले ठसे लोकांनी मांडवातच चुरगाळून टाकले. मी मागे बघितलं तर बांबूपाशी कुणी नव्हतं, नारळ तेवढा खाली ठेवलेला होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "एवढं सगळं घालवलंत. सगळंच घालवलंत हो." हे पेट्या कपाटात रचत होते. म्हणाले, "खोट्या नाण्याचा छडा कुणी लावत नाही शुभा. दुसरं काही सुचलं नाही मला." आणि कपाटाचं दार लावताना ह्यांचा हात दोनदा कडीवरून घसरला. मग मी ह्यांना एकटं सोडून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. बिल्डिंगीतली पोरं ह्यांना बघून "कुर्ला, कुर्ला" करायची. ऑफिसातही बातमी पोचली. रविवार आला तसा ह्यांनी सवयीने कोट चढवला आणि मग आठवण होऊन काढून ठेवला. मला वाटे, जावं आणि चव्हाट्यावर उभं राहून ओरडून सांगावं. पण सांगायची सोय ह्यांनी ठेवली नव्हती.

गौरीगणपतींचं विसर्जन झालं आणि जिन्याखालून हाक आली. इतक्या दिवसांच्या उपासाने बायका ताटं घेऊन धावल्याच. मी ते नाणं उकळून, पुसून पदराच्या गाठीला बांधलं. ठरवलं होतं की सुट्या पैशांत मिसळून गुपचूप तिच्या हातात सरकवायचं, ना तिने काही बोलायचं ना मी. खाली आले तर कृष्णाबाई सुरमई कापत होती. माझ्याकडे तिने मान वर करून बघितलं नाही. भावावरून भांडलीही नाही, मागितला तो मासा निमूट ताटात घातला. मला मेलीला तेच जास्त लागलं.

मी पैसे काढते तोच रत्नप्रभा म्हणाली, "कृष्णाबाई, हिच्या पैशांना नीट बघून घे गं. घरी पाडतात हे लोक." बायका फिदीफिदी हसल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "एवढा शिकलेला माणूस, आणि असला खोटारडा."

कृष्णाबाईचा कोयता थांबला. तिने तो बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसले.

"त्याला खोटा बोलू नुको रत्नाबाय," ती म्हणाली. "तो पैसा माजा हाय."

मी तिचा खांदा दाबला. म्हटलं, कृष्णाबाई, गप्प बैस. तिने माझा हात झिडकारला.

"माजी कमल महारोग्यांच्या घरान हाय. बिलिमोरा न् लगीन, सगला खोटा सांगलेला मीनी. ती तिकडे विनते. पयली कमाई तिची, आये, देवाजवल ठेव बोलली. मीनी गाठीला बांदून आनला, न् या नव्या पैशांच्या गोंधलान शुभाबायला कवा दिला, मना कलला पन नाय. सायबान वलखला तो पैसा. वलखून माज्यापायी आपल्या तोंडाला काला फासून घेतला. मना रोज या जिन्याखाली बसायचा हाय. कशी बसू मी?"

ज्या गोष्टीसाठी ह्यांनी स्वतःची अब्रू मातीत घातली, ती बाईने स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या पुढ्यात टाकली होती. ह्यांचंही गेलं आणि तिचंही गेलं. बायकांची ताटं एकेक करून मागे सरकत होती. मागे उभ्या होत्या त्या दोघी तर जिना चढूनही गेल्या. रत्नप्रभा पांढरीफटक पडली होती. तिने ताटातल्या माशाकडे बघितलं, मग कृष्णाबाईच्या हातांकडे, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कमळ... कशी आहे आता?"

"बरी झाली," कृष्णाबाई म्हणाली. "दोन वरसां झाली बरी होऊन. डाक्टर बोलतो, रोग गेला, घरी ने. बोटा जरा वाकरी ऱ्हायली, बाकी कायच नाय. तुमीच सांगा, कुठं नेऊ?"

तिने खरोखरच उत्तरासाठी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही. माझ्याही नाही, आणि माझं तोंड कसं आहे ते आख्ख्या अंधेरीला माहीत आहे. दोन वर्षं पोरगी बरी होऊन तिथे बसली होती. आणि बसली होती ती आमच्या भीतीने, आमच्यासारख्यांच्या ताटांच्या भीतीने. हे कळलं तेव्हा मला जो धक्का बसला, तो डॉक्टरांनी दिलेल्या धक्क्याहून मोठा होता.

कृष्णाबाईने उत्तराची वाट बघणं सोडून दिलं. कोयता गुंडाळला, मासे झाकले, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटीला हात घालून उभी राहिली. भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर चढत नाही. दोन्ही बाजूंनी कुणीतरी हात लावावा लागतो, आणि तो आम्ही रोजच लावायचो, बोलत बोलत, लक्षही नसायचं. त्या दिवशी कुणी हललं नाही. मला हलायचं होतं, पण पाय जमिनीला चिकटले होते.

वरून हे उतरले, अनवाणी, ऑफिसचा शर्ट घातलेले. किती वेळ कठड्याशी उभे होते, देव जाणे. मासळीच्या पाटीला ह्यांनी जन्मात हात लावला नव्हता, कुठे धरायचं तेही ठाऊक नाही. एका बाजूने उचलायला गेले तशी पाटी कलली आणि खाऱ्या पाण्याचा ओघळ शर्टाच्या बाहीत गेला.

"दुसऱ्या अंगाने कुणीतरी या," हे म्हणाले.

दुसऱ्या अंगाला हात लागला तो रत्नप्रभेचा. तिने आपलं ताट पायरीवर ठेवलं होतं. डोळे गच्च मिटलेले होते, पण तिने पाटी उचलली. मी हातात ताट आणि पदराच्या गाठीत तो पैसा तसाच धरून नुसती बघत उभी राहिले. कृष्णाबाईने पाटी सावरली, फाटकातून बाहेर पडली आणि पुढच्या बिल्डिंगीखाली जाऊन रोजच्यासारखी हाक मारली.